दाणा पारखणाऱ्याचा जबडा

जबड्याचा फोटो काढायचा आहे असं सांगितलं की आपल्याकडची माणसं आधी केसांवरून हात फिरवतात. बायका पदर सारखा करतात. मग त्यांना कळतं की हनुवटी एका पट्टीवर टेकायची आहे, पुढचे दात एका काडीवर ठेवायचे आहेत आणि अजिबात हलायचं नाही. मशीन डोक्याभोवती फिरतं, आणि तेवढा वेळ स्थिर राहणं फार थोड्यांना जमतं. एका आजोबांना, हे यंत्र आपल्या पाठीमागे जाऊन करतं तरी काय, याची एवढी उत्सुकता की तेही त्याच्याबरोबर वळले. फोटोत त्यांना दोन हनुवट्या आल्या. पुन्हा उभं राहायला सांगितलं तर म्हणाले, "पह्यला चांगला आला असन तर थोच राहू द्या."

दुसऱ्या एका आजींनी कानातल्या बुगड्या काढायला साफ नकार दिला होता. लग्नापासून काढल्या नाहीत, आता तुमच्या मशीनसाठी काऊन काढू, असा त्यांचा सवाल. धातूची सावली या फोटोत पलीकडच्या बाजूला पडते, तशी बुगडीची पडली. फोटो काढणाऱ्या तरुण डेंटिस्टने घाबरून तो माझ्याकडे पाठवला आणि विचारलं, मॅडम, गालाच्या हाडात हे काय आहे? मी कळवलं, दागिना आहे, जपून ठेवायला सांगा.

मी तोंडाची आणि जबड्याची सर्जन. मेहकरला माझा दवाखाना होता. गेल्या वर्षी तो बंद केला. इतकी वर्षं काम करूनही निम्म्या तालुक्याला मी दात उपटणारी बाईच वाटत आले. लग्नकार्यात भेटले की माणसं 'आ' करून दाढ दाखवतात. सुरुवातीला राग यायचा. आता मी ताटावरून मान न उचलता सांगते, उद्या या.

माझं काम थोडक्यात सांगायचं तर खालच्या जबड्यातलं किती कापायचं आणि किती ठेवायचं हे ठरवणं. खालचा जबडा घोड्याच्या नालेच्या आकाराचा असतो. ती नाल उघडून सरळ केली आणि भिंतीला टांगली, तर जशी दिसेल तसा आमचा मोठा फोटो असतो. हाड पांढरं, पोकळी काळी. पण त्यात जाडी कळत नाही. जिभेच्या बाजूची भिंत किती उरली, गालाच्या बाजूची किती, यासाठी सीटी लागतो. बाकीचे लोक फोटोत दात बघतात. मी आधी सगळ्यात खालची पांढरी रेघ बघायची, जबड्याची खालची कड. ती सलग असेल तर चेहऱ्याचा आकार राहतो, हनुवटी सरकत नाही, माणूस आरशात स्वतःला ओळखतो. वरचं खराब झालेलं काढून ती कड वाचवता आली तर त्यासारखं समाधान नाही. ती गेली की मग पायाचं हाड आणा, धातूची पट्टी लावा, आणि एवढं करूनही तोंड वाकडं ते वाकडंच.

कड न वाचलेली मनकर्णाबाई मला अजून आठवते. साखरखेर्ड्याकडची, भाजीच्या मळ्यात राबणारी बाई. तोंडात कायम मिश्री. हिरडीवरचा फोड तिने तिथल्याच एका दात काढणाऱ्याला दाखवला, त्याने हलणारा दात काढला. मग शेजारचा हलायला लागला, तोही काढला. फोटो काही कोणी काढला नाही. ती माझ्यापर्यंत आली तेव्हा कॅन्सर हाडात शिरला होता आणि खालची रेघ वाळवीने खाल्ल्यासारखी दिसत होती. तिथे वाचवण्यासारखं काही नव्हतं, मला मधला भाग पूर्ण कापावा लागला. बाई जगली. पुढे दर खेपेला माझ्यासाठी वांगी घेऊन यायची, पण पदर तोंडावरून कधी हलला नाही. मी एकदा म्हटलं, माझ्यासमोर तरी काढा हो पदर, मीच केलंय ते. ती म्हणाली, "म्हणूनच नाई काढत, बाई. तुमाले वाईट वाटन."  कड वाचवायच्या बाबतीत मी जरा जास्तच हट्टी झाले त्याला ती कारण असावी.

हे एवढं सांगितलं कारण रफिकभाईंची हकिगत त्याशिवाय कळणार नाही.

रफिकभाई सुलतानपूरचे. पन्नाशीचे, पांढरा पायजमा-कुर्ता, मेंदी लावलेली दाढी. गावात त्यांचं धान्यखरेदीचं दुकान. एका उन्हाळ्यात, पेरणीच्या आधी, ते एक फाइल घेऊन आले. सोबत त्यांची मुलगी शबाना, बी.कॉम. झालेली, बापापेक्षा दुप्पट बोलणारी. रफिकभाईंची उजवीकडची अक्कलदाढ हलत होती. त्यासाठी फोटो काढला तर तिच्यापासून पार पुढपर्यंत हाडात काळी पोकळी निघाली. तपासणीला तुकडा पाठवला होता, त्याचा निकाल फाइलमध्ये होता. कॅन्सर नव्हता. हाडात वाढणारी एक पिशवी होती, वाळलेल्या दह्यासारखा ऐवज भरलेली. ही पिशवी स्वभावाने चिवट असते, जरा अस्तर मागे राहिलं तरी पुन्हा वाढते. म्हणून मोठ्या शहरातल्या एका सर्जनने उजवा अर्धा जबडा काढून टाकायचा सल्ला दिला होता. सल्ला चुकीचा नव्हता, खूप जण तेच करतात.

"थे म्हणते एकदाच कापून टाका, मोकळे व्हा," रफिकभाई म्हणाले. "मले बी तसंच वाटते, मॅडम. पण हे पोट्टी आयकत नाई."

शबानाने मला विचारलं, "मॅडम, हाड राहू शकते का? एवढंच सांगा."

मी फोटो प्रकाशात धरला. वरचं सगळं काळं, आणि त्याखाली अंड्याच्या कवचाएवढी बारीक रेघ. पण ती सलग होती. जालन्याहून सीटी करून आणवला. जिभेकडची भिंत जागोजागी कागदासारखी, खालच्या ओठाला स्पर्श कळवणारी नस पिशवीने खाली ढकलून कडेला चिकटवलेली, पण कड शाबूत. मी ठरवलं, हा जबडा कापायचा नाही.

यासाठी एक जुना, सबुरीचा उपाय आहे. पिशवीला तोंडाच्या आतून, इथे हलती अक्कलदाढ काढून तिच्या जागी, एक छोटी खिडकी पाडायची आणि त्यात नळी बसवायची. आतला दाब गेला की पिशवी आकसायला लागते आणि भोवतीचं हाड पोकळीत परत भरत येतं. नळीतून सकाळ-संध्याकाळ पिचकारीने मिठाचं पाणी मारून आत धुवायचं. हे कित्येक महिने करावं लागतं. पोकळी लहान झाली की मग उरलेली पिशवी सोलून काढायची. नसही वाचते, कडही वाचते. अट एकच: तोवर त्या कवचावर जोर पडता कामा नये. मी रफिकभाईंना समोर बसवून बजावलं, भाकरीचा पापुद्रासुद्धा नको. खिचडी, वरण-भात, दुधात कुस्करलेली भाकर. मटणाचं नुसतं सूप. फुटाणे, शेंगदाणे, सुपारी, सगळं बंद.

"म्हणजे म्हाताऱ्याचं जेवण," ते म्हणाले.

"हाव," मी म्हटलं, "अन् जबडा तुटला तर थेबी भेटत नाई."

माझ्या तोंडून वऱ्हाडी ऐकली की पेशंट जरा सरळ होतात. ते उठले आणि दाराशी थांबून म्हणाले, "जबान देतो मॅडम, काहीच कडक खानार नाई."

नळी बसवली, आणि ती धुण्याचं काम शबानाने अंगावर घेतलं. ती ते मन लावून करायची, कारण दर खेपेला आतला भाग अगदी स्वच्छ असायचा. पावसाळा संपत आला तेव्हा फोटो काढला. काळ्या पोकळीच्या कडांना राखाडी झाक आली होती. हाड परतत होतं. मला इतका आनंद झाला की मी आमच्या एक्स-रेवाल्या गजाननला चहा सांगायला पाठवलं. रफिकभाईंनी फोटोकडे बराच वेळ पाहिलं.

"मले तर काईच दिसत नाई," ते म्हणाले. "पण तुमी खूश हाये म्हणजे काई तरी असन."

दसऱ्यानंतर ते पुन्हा आले. सोयाबीन निघाली होती, रस्त्यांवर ट्रॉल्यांची रांग होती. रफिकभाई उजव्या गालावर हात ठेवून बसले होते. चार-पाच दिवसांपासून ठणकून राह्यलं, म्हणाले. गजाननने फोटो काढून आणून दिला आणि मी खालच्या रेघेवर बोट फिरवत गेले. एका जागी बोट थांबलं. रेघेत केसासारखी काळी चीर होती.

डोक्यात तिडीक गेली. एवढे महिने आम्ही जे राखलं होतं ते कोणी तरी तोडलं होतं, आणि ते कोणी तरी माझ्यासमोर गालाला हात लावून निवांत बसलं होतं.

"काय खाल्लं?" मी विचारलं.

"खिचडी."

"रफिकभाई, हा फोटो माझ्याशी खोटं बोलत नाही. काय खाल्लं?"

"खुदाकसम, मॅडम. खिचडी, दलिया, दूध-भाकर."

शबाना मध्ये पडली. "मी सोता वाढते त्याईले. घरात फुटाण्याची पुडी बी नाई आणली."

"मग रात्री उठून खात असतील."

हे मी बोलायला नको होतं. रफिकभाईंचा चेहरा लाल झाला. ते उठले आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. शबाना मान खाली घालून त्यांच्यामागे गेली. मी पुन्हा फोटोकडे पाहिलं. चीर होती ती होतीच. पडणं नाही, मार नाही, मग जबडा आपोआप तडकला? जालन्याला पुन्हा सीटीला पाठवायचं म्हणून चिठ्ठी लिहिली आणि द्यायला बाहेर आले.

बाहेर साखरखेर्ड्याचे एक शेतकरी त्यांच्या बायकोची दाढ दाखवायला आले होते. रफिकभाईंना त्यांनी ओळखलं असावं. "भाई, बरे भेटले," असं म्हणत त्यांनी सदऱ्याच्या खिशातून मूठभर सोयाबीन काढली आणि रफिकभाईंच्या तळव्यावर ओतली. "पायता का जरा? काल कापली, आज आणाव का उद्या, समजून नाई राह्यलं."

रफिकभाईंनी तळवा हलवला. एक दाणा निवडला, उजव्या दाढेखाली टाकला आणि दाबला. 'टच' असा आवाज आला. फुटलेल्या दोन फाका त्यांनी हातात थुंकल्या, बोटाने उलट्या केल्या, आणि म्हणाले, "अजून एक ऊन दे. पोटात वला हाये."

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण दाढवाल्या बाई उठून बाहेर जाऊन उभ्या राहिल्या एवढं आठवतं. रफिकभाई मात्र माझ्याकडे अगदी निष्पाप चेहऱ्याने बघत होते.

"खाल्ला कुठं म्या?" ते म्हणाले. "पाह्यला."

मी कपाळाला हात लावला. त्या माणसाने मला दिलेला शब्द अक्षरशः पाळला होता. त्यांच्या हिशोबात तोंडात घालून गिळलं ते खाणं. दाणा दाताखाली धरून फोडायचा आणि थुंकायचा, ही पारख. ती त्यांनी तरुणपणापासून केली होती, आणि सीझनमध्ये तर दिवसभर. वाळलेला दाणा टचकन दोन फाका होतो, ओला दाताखाली दबून चपटा होतो, आणि मधल्या सगळ्या पायऱ्या दाढेला कळतात. ओलावा मोजायचं मीटर दुकानात होतं. पण शेतकरी मीटरकडे संशयाने बघत, आणि रफिकभाईंनी दाणा चावला की गप्प बसत. त्यांचा धंदा व्यापार, एवढंच मला ठाऊक होतं. तो दाढेने चालतो हे ठाऊक नव्हतं.

"डावीकडून तरी चावायचं," मी म्हटलं. राग पुरता गेला नव्हता.

"डाव्या दाढेले समजत नाई, मॅडम."

दुसरा सीटी आला. चीर कडेच्या आरपार गेली होती, पण दोन्ही टोकं अजून एका रेषेत होती. आत नव्या हाडाची जाळी धरली होती, तिनेच ती टोकं सांभाळली असावीत. आता दोन रस्ते होते. एक, वरचे-खालचे दात तारेने एकमेकांना बांधून जबडा बंद ठेवायचा आणि चीर सांधण्याची वाट पाहायची. पण टोकं जरा जरी सरकली तर हाड सांधणार नाही, नस दबेल, आणि शेवटी कापावंच लागेल. दुसरा, आत्ताच कापून मोकळं व्हायचं.

मी हे सांगितल्यावर रफिकभाईंनी एकच विचारलं, "तार किती दिवस?"

"महिना तरी. कदाचित जास्त. तोंड उघडणार नाही. पातळ प्यायचं, दातांच्या फटीतून."

"आन् दाणा?"

"दाणा कसा पाहाल? तोंडच बंद."

ते खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर रस्त्याने सोयाबीनची ट्रॉली चालली होती. मग ते शांतपणे म्हणाले, "मंग कापूनच टाका. अर्धा जबडा गेला तरी डावीकडची दाढ राह्यते. शिकवतो तिले. सीझनमंदी महिनाभर मी मुका बसलो तं लोकं दुसरीकडं जाते. आन् एकदा गेले का परत नाई येत."

मला मनकर्णाबाईचा पदर आठवला. मी जरा कडकच बोलले. म्हटलं, डावी दाढ कोणत्या हाडावर राहणार ते माहीत आहे का? मधून पट्टी, हनुवटी सरकलेली, वरचे-खालचे दात जुळणार नाहीत. दाणा दाताखाली धरायला आधी दात दातावर यावा लागतो. त्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नव्हे. माझंही मन पुरतं निःशंक नव्हतं. तार बांधूनही टोकं सरकली असती तर त्यांचा सीझनही गेला असता आणि जबडाही, आणि ते माझ्या हट्टापायी झालं असतं. हे मी त्यांना सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता.

तेव्हा शबाना म्हणाली, "अब्बा, दाना मी पायीन."

"तुले काय समजते?"

"तुमी आयका. चावीन मी, आयकान तुमी. वला हाये का वाळला, थे तुमाले आवाजानं नाई समजत का?"

रफिकभाईंनी तिच्याकडे पाहिलं. बापलेक घरात एकमेकांशी हिंदीत बोलत, त्या हिंदीत ते हळू म्हणाले, "बाजार में? सब के सामने?"

"हाव," ती मराठीतच म्हणाली. "सगळ्यायच्या समोर."

 रफिकभाई माझ्याकडे वळून म्हणाले, "बांधा तार."

दात बांधलेल्या माणसाच्या घरच्यांना आम्ही तार कापायची पक्कड देतो. उलटी झाली तर लगेच तोंड उघडता यावं म्हणून ती सतत जवळ हवी. शबानाने ती पक्कड दोरीत ओवून बापाच्या गळ्यात घातली. ते निघाले तेव्हा मी तिला बजावलं, नळीचं पाणी गालाच्या बाजूने मारता येईल, ते चुकवायचं नाही, आणि टोकं सरकली तर दात नीट जुळल्यासारखे वाटणार नाहीत, तसं झालं की त्याच दिवशी यायचं. त्यानंतर रोज फोन वाजला की मी आधी तो सुलतानपूरचा आहे का ते बघायची.

काही दिवसांनी मी कामाने लोणारला चालले होते. सुलतानपूर आलं आणि राहवलं नाही, गाडी थांबवली. दुकानासमोर ट्रॅक्टर उभे होते. ओट्यावर रफिकभाई बसले होते, गळ्यात पक्कड, गाल जरा बसलेले. शेजारी शबाना, डोक्यावर ओढणी घट्ट घेतलेली. एक म्हातारे शेतकरी तिच्यापुढे मूठ धरून उभे होते आणि त्यांचा आवाज चढला होता.

"पोरीनं पाह्यलेला दाना आमी काऊन मानाव? तुमीच पाहा, भाई."

रफिकभाईंनी बोटाने गळ्यातली पक्कड दाखवली, मग दात. म्हाताऱ्यांना ते कळलं नाही. शबानाने दाणा उचलला, दाढेखाली ठेवला आणि बापाकडे सरकली. रफिकभाईंनी कान तिच्या गालाजवळ नेला. आवाज मला ऐकू आला नाही, ट्रॅक्टर चालू होता. त्यांनी हात वर करून ट्रॅक्टर बंद करायला लावला. पुन्हा एक दाणा. यावेळी बारीक, दबका आवाज आला. रफिकभाईंनी मान हलवली आणि बांधलेल्या दातांतून कसेबसे शब्द काढले, "वला. दोन ऊन."

 म्हाताऱ्यांनी स्वतःच वाकून शबानाला म्हटलं, "अजून एक फोड. मले आयकू दे." तिने फोडला. त्यांनी ऐकलं आणि मूठ पोत्यात परत टाकली. ट्रॅक्टर वळवून निघून गेले. ते परत आले की दुसरीकडे गेले, हे मला तेव्हा कळलं नाही. मी ओट्यावर न चढताच निघाले. मला बघून रफिकभाई पुन्हा काही समजवायला बसले असते, आणि त्यांनी कमी बोलावं हेच मला हवं होतं.

तार काढायचा दिवस आला. गजाननने फोटो काढला, आणि मी तो हातात घ्यायच्या आधी चष्मा दोनदा पुसला. चिरेच्या जागी पांढरट गाठ होती. टोकं हलली नव्हती. रफिकभाईंनी तोंड उघडायचा प्रयत्न केला, ते जेमतेम बोटभर उघडलं, आणि पहिलं वाक्य त्यांनी उच्चारलं ते असं: "थे म्हातारे आले परत. दोन उनं देऊन."

पुढच्या उन्हाळ्यात पोकळी एवढी आटली होती की मी ऑपरेशन केलं. पिशवीचं अस्तर सोलून काढलं, भोवतीचं हाड ड्रिलने हलकेच घासलं, म्हणजे काही मागे राहिलं असलं तर तेही जावं. नस समोर दिसली, पांढरी, ताणलेली, पण अखंड. दोन दिवसांनी मी रफिकभाईंच्या खालच्या ओठावर कापसाचा धागा फिरवला आणि विचारलं, कळतं का? त्यांनी डोळे मिटले. "गुदगुल्या होऊन राह्यल्या," म्हणाले. मी तोंड फिरवलं, कारण मला रडू आलं होतं.

त्यानंतर माझ्या पेशंटांना द्यायच्या सूचना जरा लांबल्या. जबडा पातळ असला तर कडक खायचं नाही, हे आधीपासून होतं. आता मी विचारत असे, तुम्ही काम काय करता आणि ते करताना दात कुठे लागतात? शिंप्याने दोरा दाताने तोडायचा नाही. वायरमनने वायर दाताने सोलायची नाही. दाणा खायचा नाही, चावायचा नाही आणि पाहायचा तर मुळीच नाही. नवीन पेशंटांना हे शेवटचं विचित्र वाटायचं. सुलतानपूरकडच्यांना वाटायचं नाही.

ही पिशवी वर्षांनीही परत येऊ शकते, म्हणून रफिकभाई दर दिवाळीच्या सुमारास फोटोला येत राहिले. दाणा पारखायची परवानगी मात्र मी देत नव्हते. हाड भरलं होतं, तरी मी आज नको, पुढच्या वर्षी बघू, करत राहिले. त्यांनी कधी वाद घातला नाही. दुकानात शबानाच दाणा चावायची. तिचं लग्न झालं, नवरा मेहकरचाच, आणि सीझनला ती माहेरी येऊन ओट्यावर बसायची, हेही लग्नात ठरवून घेतलं होतं म्हणे.

गेल्या वर्षी दवाखाना बंद करायच्या आधी मी जुन्या पेशंटांना एकेकदा बोलावलं. बापलेक आले. मी रफिकभाईंचा जबडा बाहेरून चाचपला, आतून चाचपला, जुने सगळे फोटो काचेवर ओळीने लावले. पहिला काळा, मग राखाडी, मग चिरेचा, मग पांढरा. काही शिल्लक नव्हतं सांगायला. मी म्हटलं, "आता पाहू शकता. उजवीकडून."

रफिकभाईंनी कुर्त्याच्या खिशात हात घातला. दाणे तिथेच होते. दर दिवाळीला ते बहुधा तिथेच असत, आणि मी नाही म्हटलं की तसेच परत जात. त्यांनी एक निवडला, दाढेवर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मला एकदम वाटलं, थांबा म्हणावं. हात पुढे गेलाही. पण त्यांनी दाबला होता.

टच.

मी त्या आवाजात दुसरा आवाज शोधत होते, आतला, तडकल्याचा. तो नव्हता. रफिकभाईंनी तोंड उघडायच्या आधीच मागच्या खुर्चीवरून शबाना म्हणाली, "वाळला हाये. आजच आणला तरी चालते."

रफिकभाईंनी फाका तळव्यावर थुंकल्या, बोटाने उलट्या केल्या, आणि मान हलवली. "हाव," म्हणाले. "हेच म्हणत होतो मी."

मी त्यांना तरीही गजाननकडे पिटाळलं. ते हनुवटी टेकून उभे राहिले आणि अजिबात हलले नाहीत. फोटो आला. खालची कड सलग होती.